आधी बघ, मग लिही

अगं, शपथविधी झाला, पांढरा गणवेश अंगावर चढला, हातात दिवा घेतलेले फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाले. आता पुढच्या आठवड्यात वॉर्ड पोस्टिंग. "भीती वाटते का गं?" असं आईने विचारलं असणार आणि तू "छे!" म्हणून उडवून लावलं असणार. माझ्यापाशी खरं बोललीस तरी चालेल. पहिल्या पोस्टिंगला पोटात गोळा येतोच. जिला येत नाही तिची मला जरा जास्त काळजी वाटते.

कॉलेजने तुला नर्सिंग फाउंडेशनचं जाडजूड पुस्तक दिलंय. आरोग्याच्या व्याख्या, व्हर्जिनिया हेंडरसनच्या 14 मूलभूत गरजा, नर्सिंग प्रोसेसच्या पायऱ्या, नीतितत्त्वं. ते सगळं वाच. परीक्षेला तेच येतं, आणि त्यातलं बरंचसं खरंच कामाचं आहे हे पुढे कळेल. मी मात्र आज टीपीआर चार्टबद्दल, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्याबद्दल बोलणार आहे. हसू नकोस. पहिल्या दिवशी तुझ्या हातात तोच देतील, आणि तू कशी नर्स होणार ते बरंचसं त्या चार्टवरच ठरतं असं माझं ठाम मत आहे.

कुठल्याही गर्दीच्या वॉर्डात जा आणि चार्ट चाळ. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी. श्वास मात्र 20, 20, 20, 20. दम्याच्या आजींचा 20, हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या पोराचाही 20. हा वीस कुणी मोजलेला नसतो. सकाळच्या घाईत तो मागच्या रकान्यातून पुढच्या रकान्यात उतरलेला असतो. आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो तो श्वासच. बीपी शरीर बराच वेळ सांभाळून धरतं, ते पडतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणजे दुपारी 20 चे 24 झाले, संध्याकाळी 28 झाले, चार्टवर आपले 20 च, आणि रात्री धावपळ उडाली की सगळे म्हणतात, "अहो, अचानक बिघडला हो!" अचानक काही झालेलं नसतं. कुणी मोजलं नव्हतं, एवढंच.

कसं मोजायचं ते नीट ऐक. नाडी बघायला मनगट धर. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नकोस. पेशंटला वाटू दे की अजून नाडीच चाललीय. नजर छातीकडे ने आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. "आता तुमचा श्वास मोजते हं" असं सांगितलंस की माणूस लगेच मुद्दाम सावकाश श्वास घ्यायला लागतो. पदर, शाल, चादर यांमुळे छाती हललेली दिसत नसेल तर त्यांचाच हात त्यांच्या पोटावर ठेव आणि तुझी बोटं त्यांच्या मनगटावर असू देत, हात वरखाली झालेला तुला कळतो. मोठ्या माणसाचे 12 ते 20. मुलांचं गणित निराळं. 2 महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त, 2 महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त, की तो जलद श्वास धरायचा. बाळ रडत असेल तर मोजू नकोस, आईच्या कुशीत शांत होऊ दे. हे पाठ कर आणि सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घे. मोबाइल वॉर्डात सारखा खिशातून काढायची वस्तू नाही.

बीपीचंही तसंच. सगळ्या वॉर्डाचं 120/80! पाऱ्याच्या काय किंवा डायलच्या काय, यंत्रावर रेघा दोन-दोनच्या असतात. म्हणून त्या यंत्राखाली कुणी 125/85 लिहिलं की माझी भुवई वर जाते. स्वेटरवरून, ब्लाउजच्या घट्ट बाहीवरून कफ बांधायचा नाही. पेशंट जिना चढून आलाय, तर पाच मिनिटं बसू दे. हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला हवा आणि त्या वेळी त्यांनी बोलायचं नाही, तूही त्यांना "गाव कुठलं तुमचं" विचारायचं नाही. ऑक्सिमीटरवर 86 दिसलं म्हणून किंचाळण्याआधी बोट बघ. नुकतंच लग्न झालेल्या मुलीच्या बोटांवर गडद मेंदी असते, कधी नेलपॉलिश असते, कधी बोटं नुसती गार पडलेली असतात. दुसरं बोट लाव, हात चोळून गरम कर, आणि तरीही 86 च दिसलं तर मात्र धाव. आणि हेही सांगते, यंत्र 98 दाखवतंय पण समोरचा माणूस वाक्य पुरं करू शकत नाहीये, तर माणसावर विश्वास ठेव.

लघवीची बॅग रिकामी दिसली की "आउटपुट शून्य" लिहून पुढे जाऊ नकोस. आधी नळी बघ. मांडीखाली दबलीय का, पिळा पडलाय का, क्लॅम्प कुणी लावून विसरलंय का? सगळं ठीक असेल तर हिशोब कर. मोठ्या माणसाला ताशी किलोमागे साधारण अर्धा मिली लघवी व्हायला हवी. म्हणजे 50 किलोच्या बाईला आठ तासांच्या ड्युटीत 200 मिली. बॅगेत 60 असेल तर ती बातमी आहे, आणि ती द्यायची तुझी जबाबदारी आहे.

तुझ्या शपथेतला दिवा ज्यांच्या नावाचा, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याबद्दल एक सांगते. (ती शपथ त्यांनी लिहिलेली नाही बरं का. ती 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली, त्यांच्या सन्मानार्थ नाव त्यांचं दिलं. व्हायव्हात कुणी विचारलं तर चुकू नकोस.) 1854 च्या नोव्हेंबरात त्या 38 जणींना घेऊन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. रात्री दिवा घेऊन फिरायच्या, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण मला त्यांची मोठी वाटते ती नोंदवही. किती सैनिक जखमांनी मेले आणि किती हगवण, कॉलरा, टायफससारख्या टाळता येण्याजोग्या रोगांनी, याचे आकडे त्यांनी गोळा केले आणि रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे मांडले. जखमांपेक्षा रोगानेच जास्त माणसं मेली होती. 1858 मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं, असा मान मिळालेल्या त्या पहिल्या बाई. पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात आजाऱ्याचं निरीक्षण कसं करावं यावर एक अख्खं प्रकरण आहे. आपल्या धंद्याचा पाया त्यांनी घातला तो असा, बघून आणि मोजून. 12 मेला, त्यांच्या जन्मदिवशी, केक कापताना हे कुणाच्या लक्षात नसतं.

तर मुद्दा हा. तू लिहिलेल्या आकड्यावर डॉक्टर औषध ठरवतात. राउंडला येणारा माणूस पेशंटपाशी पाच मिनिटं असतो, तू आठ तास असतेस. उरलेल्या वेळात काय झालं हे जगाला कळायचा एकच मार्ग आहे, तुझं पेन. म्हणून जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही आणि जे केलं नाही त्यावर सही करायची नाही. मोजायचं राहिलं असेल तर जागा कोरी ठेव आणि इनचार्जना सांग. बोलणी खाशील, खा. कोऱ्या जागेने कुणी मरत नाही, खोट्या वीसने मरतं.

नोट्स लिहायचं म्हणशील तर "पेशंट कम्फर्टेबल, रात्री झोप चांगली लागली" हे वाक्य डोक्यातून काढून टाक. त्या रात्री तो माणूस तीन वेळा उठून बसला होता हे शेजारच्या कॉटवाल्याला माहीत असतं. काय दिसलं ते लिही, पेशंट काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिही. "छातीत भरून आल्यासारखं वाटतंय" असं ते म्हणाले असतील तर तसंच लिही, त्याचा इंग्रजी रोग तू बनवू नकोस. वेळ 24 तासांच्या घड्याळाची. दोनची औषधं बारालाच "दिली" म्हणून सह्या करून मोकळ्या होणाऱ्या तुला भेटतील, अगदी कामाला वाघ असलेल्यासुद्धा. त्यांच्याकडून बाकी सगळं शिक, हे सोडून. लिहिताना चुकलं तर आडवी एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहून सही आणि वेळ टाक. व्हाइटनर वॉर्डात आणूच नकोस. उद्या केस कोर्टात गेली तर तो कागद बोलतो, आणि पांढरा डाग फार वाईट बोलतो.

आता एक वाक्य शिकवते, ते आरशासमोर उभी राहून म्हणून बघ: "सिस्टर, मी हे कधी केलं नाहीये. तुम्ही दाखवाल का?" फार जड जातं म्हणायला. कारण वॉर्डात माणसं कमी, कामं ढीगभर, आणि विद्यार्थिनी म्हणजे फुकटचे हात अशी समजूत बऱ्याच ठिकाणी आहे. "पुस्तकात वाचलंयस ना? मग घाल रायल्स ट्यूब!" असं कुणी फटकारेल. तरीही म्हण. मॅनिकिनवर घातलेली नळी आणि खोकणाऱ्या, डोळ्यांतून पाणी येणाऱ्या आजोबांना घातलेली नळी यांत फार फरक आहे. आधी बघायचं, मग कुणी शेजारी उभं असताना करायचं, मगच एकटीने. तू अजून रजिस्टर झालेली नाहीस. परीक्षा पास झाल्यावर मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव लागेल, आरएन-आरएम होशील, तेव्हा चूक झाली तर उत्तर तुझं तू द्यायचं. तोपर्यंत तुझ्या हाताने झालेल्या कामाला दुसऱ्या कुणाची तरी नोंदणी जामीन असते. ते तिलाही माहीत आहे, म्हणून ती ओरडत ओरडत का होईना, येईल.

औषधांच्या बाबतीत तर हे वाक्य कधीच गिळू नकोस. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, योग्य नोंद, हे तू घोकलंच असशील. घोकणं सोपं आहे. मी तुला फक्त इन्सुलिनची सिरिंज हातात घेऊन बघायला सांगते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात सर्रास मिळणारी बाटली 40 ची असते, म्हणजे एका मिलीत 40 युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. 100 ची बाटली किंवा पेनची कार्ट्रिज असेल तर एका मिलीत 100 युनिट आणि सिरिंज नारिंगी टोपणाची. आता समज, 20 युनिट द्यायचेत. 40 च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत घेतलंस तर पेशंटला गेले फक्त 8. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि उद्या कुणीतरी बरोबर सिरिंज आणते, मग बघ गंमत. उलट केलंस, म्हणजे 100 ची कार्ट्रिज टोचून लाल सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत ओढलंस, तर गेले 50 युनिट. अडीच पट. रात्री नऊला दिलं तर पहाटे तो माणूस घामाने निथळत बेशुद्ध पडलेला सापडेल. दोन्ही सिरिंज दिसायला सारख्याच चिमुकल्या असतात गं. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, शेजारच्या सिस्टरला दाखवायचा, मगच पेशंटपाशी जायचं. पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूलही अशीच साळसूद दिसते, डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवली तर ओळखू येऊ नये इतकी. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. त्या अँप्यूलला विद्यार्थिनीने हातच लावायचा नाही, असा माझा सरळ नियम आहे.

नाव विचारायचीही रीत आहे. "तुम्ही सुनीता पाटीलच ना?" असं विचारलंस तर घाबरलेली, कमी ऐकू येणारी बाई मान डोलावते. आपल्याकडे एका वॉर्डात दोन सुनीता पाटील असणं काही नवल नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा बरं" म्हण आणि केस पेपरवरचा नंबर ताडून बघ. ते नाव लक्षातही ठेव. "सात नंबर, उठा!" अशी हाक मारू नकोस. त्या सात नंबर नाहीत, घरी त्या कुणाच्या तरी काकू आहेत आणि इथे त्यांनी उघड्या पाठीचा गाउन घातलाय, आधीच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालंय. बेडपॅन देताना पडदा ओढ. पडदा नसेल तर मावशींना चादर धरून उभं कर. काही करण्याआधी सांग, काय करणार आहेस आणि दुखेल का. दुखणार असेल तर "दुखणार नाही" म्हणू नकोस, पुढच्या वेळी तुझ्यावर विश्वास बसणार नाही.

मावशी आणि मामा यांच्याबद्दल एवढंच सांगते की त्यांना अरे-तुरे करू नकोस. वॉर्डात चादरी कुठे असतात इथपासून कुठला पेशंट जेवत नाही इथपर्यंत सगळं त्यांना तुझ्याआधी कळतं. नंदुरबार, गडचिरोलीकडे पोस्टिंग मिळालं तर भिलीत किंवा गोंडीत बोलणाऱ्या म्हातारीचं काय दुखतंय हे बऱ्याचदा मावशीच तुला सांगेल.

पाठीची काळजी हा विषय वर्गात अर्ध्या तासात उरकतात. तू उरकू नकोस. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. माकडहाड, टाचा, डोक्याची मागची बाजू, कोपर, या जागा रोज उघड्या करून बघायच्या. लाल झालेल्या जागेवर बोट दाब. रंग जाऊन परत आला तर अजून वेळ आहे. नाही गेला तर आत जखम सुरू झालीय. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे हाताने बघ, आजूबाजूपेक्षा जागा गरम लागते का, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते का. आणि हाडावरच्या लाल जागेवर खसाखसा चोळायचं नाही. जुन्या सिस्टर चोळायच्या, आता ते चुकीचं मानतात, आतली नाजूक कातडी आणखी फाटते.

परळच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग तुला माहीत असतील. त्या आपल्यातल्याच, तिथेच नर्स होत्या. 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयाच्याच आवारात सफाई कामगाराने त्यांच्यावर अत्याचार केला, साखळीने गळा आवळला, मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत. 18 मे 2015 ला त्या गेल्या. म्हणजे 41 वर्षांहून जास्त काळ केईएमच्या परिचारिकांनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. त्यांच्या प्रकरणातला दयामरणाचा तो गाजलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 ला दिला, त्यावर खूप लिहिलं गेलं, दोन्ही बाजूंनी. आपण नर्स म्हणून एक गोष्ट बघायची. इतकी वर्षं पडून असलेल्या त्या बाईला बेडसोअर होऊ दिला नाही, हे न्यायालयासमोरही आलं. हे कुणा एकीच्या मायेने झालेलं नाही. ज्या मुलीने अरुणाताईंना चालता-बोलताना कधी पाहिलंच नव्हतं, तिनेही आपल्या ड्युटीत कूस बदलली आणि पुढच्या मुलीला ओव्हर दिला. त्यांना कुणी "थँक्यू सिस्टर" म्हणत नव्हतं, बघायला नातेवाईक नव्हते, बदलली नसती एखाद्या दिवशी तर कुणाला कळलंही नसतं. प्रोफेशन म्हणजे काय असं व्हायव्हात विचारलं तर पुस्तकातली व्याख्या दे. मनात हे ठेव.

ओव्हर म्हटलं म्हणून आठवलं. "सात नंबर, ऑपरेशन केस, ठीक आहे" हा ओव्हर नव्हे. कॉटपाशी उभं राहून द्यायचा आणि घ्यायचा. नाव काय, कशासाठी आलेत, आज काय बदललं, काय बघत राहायचं, काय करायचं राहिलंय. सलाईन किती उरलंय ते सांगू नकोस, दाखव. रात्री डॉक्टरांना फोन करावा लागला तरी हाच क्रम. "सर, पेशंट जरा बरा वाटत नाहीये" एवढ्यावर झोपेतला माणूस "बघतो सकाळी" म्हणणारच. "सर, कालचं पोटाचं ऑपरेशन, संध्याकाळी श्वास 20 होते, आता 28 आहेत, नाडी 118, सहा तासांत लघवी 70 मिली, तुम्ही येऊन बघायला हवं" असं म्हटलंस की तो उठून बसतो. याला पुस्तकात एसबार म्हणतात. पण त्यासाठी ते 20 आणि ते 28 तू खरोखर मोजलेले असले पाहिजेत, नाहीतर बोलताना आवाजात जोर येत नाही. फोनवर दिलेली ऑर्डर त्यांना परत म्हणून दाखव, लगेच लिही, आणि ते आले की सही घे.

घरचे, शेजारचे काय म्हणतील ते सोडून दे. रमाबाई रानड्यांनी पुण्यात 1909 मध्ये सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं. चांगल्या घरच्या बाईने परक्या पुरुषाची मलमपट्टी करायची ही कल्पनाच तेव्हा लोकांना सोसवत नव्हती. "मुलीला रात्रपाळी असते" म्हणून नाक मुरडणारी स्थळं आजही येतात. येऊ देत आणि जाऊ देत. तुझ्या बॅचमधल्या मुलग्यांनाही "तू नर्स होणार?" असं खिजवतात. त्यांनाही धीर दे, लेबर रूम सोडली तर सगळीकडे त्यांची गरज आहे.

रील्सबद्दल मात्र मी खाष्टपणाने बोलणार आहे. गणवेशात नाच, हरकत नाही, होस्टेलवर. वॉर्डात कॅमेरा काढायचा नाही. मागे कॉटवर कुणीतरी झोपलेलं असतं, केस पेपरवरचं नाव दिसतं, आणि गावाकडच्या कुणालातरी कळतं की अमक्याची सून तिथे ॲडमिट आहे. पेशंटने तुला सांगितलेली गोष्ट एसटीत, मेसमध्ये, मैत्रिणीलाही सांगायची नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 चा कायदाच आहे, पेशंटच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करायला मनाई आहे. तरी कॉटवर लाल शाईने लिहिलेलं मी पाहिलंय. तसं दिसलं तर काढून टाक आणि इनचार्जना सांग. खबरदारी सगळ्यांच्याच बाबतीत सारखी घ्यायची असते, मग पाटी कशाला? हात आधी धुवायचे, पेशंटला हात लावण्यापूर्वी आणि नंतर, ग्लोव्हज घातले होते तरीही. साबणाने 40 ते 60 सेकंद, हँडरबने 20 ते 30. घाईत अंगठा आणि नखांच्या कडा हमखास राहतात.

सुई वापरली की टोपण परत लावायचं नाही. निम्म्या सुया टोपण लावतानाच बोटात घुसतात असं मला वाटतं, इतक्या वेळा तेच बघितलंय. सुई थेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. तरीही टोचलीच तर बोट पिळत बसू नकोस, वाहत्या पाण्याखाली साबणाने धू आणि लगेच इनचार्जना सांग. ओरडतील या भीतीने लपवू नकोस. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं दोन तासांच्या आत सुरू केली तर उत्तम, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. हेपॅटायटिस बीची लस मात्र आधीच घेऊन ठेवायची असते. तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, आणि तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का ते बघायचं. ते लसीचं कार्ड आज रात्री शोध. एखादा डोस राहिला असेल तर पोस्टिंगला जाण्याआधी घे, आणि घेतलास की मला मेसेज टाक.